पाटी पुन्हा हाती घेताना

उतारवयात शिकायला बसलेल्या माणसाला अक्षर जमेना, की घरची माणसे चटकन म्हणतात, "आता या वयात डोके चालायचे नाही." बहुधा अडलेले असते ते डोके नव्हे, डोळा, कान, गुडघा किंवा बोटांचे सांधे.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांचा पुढाकार आणि मोतीराम दलाल ट्रस्टचे साह्य. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या. असा वर्ग आपल्याकडे भरवायचा, तर आधी बैठक पाहा. टाकवे बुद्रुकसारख्या भाताच्या गावात जिने जन्मभर चिखलात वाकून लावणी केली, तिला तासभर सतरंजीवर मांडी घालायला लावणे म्हणजे धडा सुरू होण्याआधीच तो मोडणे. खुर्ची द्या, पाय जमिनीला टेकू द्या. वर्गाआधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर कितीही गिरवून अक्षर स्पष्ट दिसणार नाही. उजेड पाटीवर पडावा, डोळ्यांवर नको. ऐकू कमी येणाऱ्याशी ओरडून बोलू नका. समोर बसून, ओठ दिसतील असे, सावकाश बोला. बोटे आखडत असतील तर पेन्सिलीला कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करा.

काहींची अडचण मात्र जुनी असते. लहानपणी 'ढ' ठरवून ज्यांना शाळेतून काढले, त्यांच्यातील कितीजणांना वाचन-अक्षमता होती, हे त्या काळी कोणी तपासले? ही अडचण वयाबरोबर जात नाही. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत त्यांचा गोंधळ होतो. अशांना एका दिवशी एकच अक्षर द्या, तेही त्यांच्या स्वतःच्या नावातले. ताटात तांदूळ पसरून बोटाने ते काढायचे आणि त्याच वेळी तोंडाने उच्चारायचे. चुकले तर हात धरून पुन्हा. नातवंडांसमोर हसू मात्र नये.

हा उपकार नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांची नोंद आहे. त्यात अध्ययन अक्षमताही येते. प्रौढ शिक्षणात दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने सहभाग मिळावा, असे कलम 18 सांगते. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी 2022 ते 2027 या काळात केंद्राचा 'उल्लास' कार्यक्रम आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौकशी करावी.

एक भेद मात्र नीट लक्षात ठेवा. जन्मभर न आलेले वाचन वेगळे आणि येत असलेले जाणे वेगळे. कालपर्यंत वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांना आज अचानक अक्षर लागेना, शब्द सुचेना, तोंड वाकडे झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. हेच महिनोन्महिने हळूहळू होत असेल, तर आधी डोळे आणि मग स्मरणशक्ती तपासून घ्यावी.

घरचा पहिला धडा औषधांच्या पुड्यांवर घेता येतो. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरे तरुणांनाही लागत नाहीत. पुडीवर जाड काळ्या पेनाने 'सकाळ', 'रात्र' असे लिहा आणि आजींना ते स्वतः वाचू द्या. वेळ लागला तरी शब्द त्यांच्या तोंडून काढून घेऊ नका.