सुतारपक्ष्याची ढोली कशी पाहावी

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात बांधावरची वाळलेली बाभूळ सरपणासाठी तोडण्यापूर्वी तिच्या फांद्या नीट न्याहाळाव्यात. मराठवाड्यात सोनपाठी सुतार व लहानसा मराठा सुतार हे पक्षी आढळतात. झाडाखाली ताज्या कपच्या व वर वाटोळे भोक दिसल्यास तेथे ढोली कोरली जात आहे असे समजावे. पक्षी झाड मारतो हा समज बरोबर नाही; तो बहुधा आधीच कुजलेले, मऊ लाकूड निवडतो.

नर व मादी दोघेही कोरतात. आत काडी-गवत नसते. लाकडाच्या चुऱ्यावरच साधारणतः ३ पांढरी अंडी असतात. रात्री ती उबविण्यास बहुधा नर बसतो. विणीचा काळ सरल्यावर हे पक्षी ढोलीत एकेकटे झोपतात. त्यामुळे सूर्यास्ताच्या सुमारास वीस-पंचवीस पावले दूर, निश्चल बसून पाहावे. खोड ठोकू नये, भोकात काडी घालू नये.

सोडलेल्या ढोलीत पुढे साळुंकी, दयाळ, क्वचित पिंगळाही राहतो. पिंगळा उंदीरही खातो, ही गोष्ट शेतकऱ्यास लहान नव्हे. सरपणास दुसरी फांदी घ्यावी, ढोलीची राखावी.