आठ तासांच्या आतली माशी

मुकुटबनची एक मुलगी पुण्यात पीएच.डी. करते. गावात कुणी विचारलं तर तिची आई सरळ सांगते, "पोरगी माश्या पाळते." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आमचा यवतमाळ जिल्हा कपाशीवरचे किडे मारण्यात गुंतलेला. २०१७ साली त्या फवारणीच्या विषाने इथे माणसंही गेली. अशा भागातली मुलगी किडा जगवण्यासाठी एवढी का राबते, ते पाहायला मी पाषाणच्या आयसर संस्थेत गेलो.

दार उघडताच मक्याचं पीठ, साखर आणि यीस्टचा आंबूस वास आला. हेच माश्यांचं अन्न. अगर घालून शिजवायचं आणि बाटल्यांत थिजू द्यायचं. रॅकवर बाटल्यांच्या रांगा, प्रत्येकीच्या तोंडाला कापसाचा बोळा. "कापूस इथंही सुटला नाही, काका," ती म्हणाली. माशी म्हणजे आपल्या पिकल्या केळ्यावर घोंगावणारं चिलट, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचं.

तिने एक बाटली उपडी केली, कार्बन डायऑक्साइड सोडला. माश्या निपचित पडल्या. मग बारीक कुंचल्याने ती एकेक माशी बाजूला सारू लागली.

"आठ तास, काका. कोशातून निघाल्यावर आठ तासांच्या आत मादी वेगळी काढावी लागते. उशीर झाला तर ती माझ्या कामाची नाही."

कारण साधं आहे. मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते. एकदा संग झाला की पुढच्या पिल्लांचा बाप खात्रीने सांगता येत नाही आणि सगळा हिशेब कोलमडतो. कोवळी मादी फिकट असते, पोटावर काळसर ठिपका दिसतो. तो ठिपका शोधायला ही मुलगी उजाडायच्या आत येते, दुपारी येते, रात्री पुन्हा येते. शोधनिबंधात या राबण्याला एक ओळही मिळत नाही. मला ते अन्यायाचं वाटतं.

"इथून पाहा ना."

सूक्ष्मदर्शकाखाली विटकरी लाल डोळा दिसला. मक्याच्या कणसातल्या दाण्यांसारख्या रांगा. एका डोळ्यात सुमारे ८०० बारीक भिंगं. शेजारची माशी पांढऱ्या डोळ्यांची होती. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना असाच एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि जनुकं गुणसूत्रांवर असतात याचा भक्कम पुरावा मिळाला. या माशीत डोळा शाबूत असतो. रंगाचा कच्चा माल पेशीत नेणारं जनुक तेवढं बिघडलेलं असतं. 'आयलेस' नावाच्या जनुकाचं तसं नाही. ते बिघडलं तर डोळाच खुरटतो किंवा उगवत नाही. १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या गटाने ते जनुक भलत्या जागी चालू केलं, तेव्हा माशीच्या पायावर, पंखावर डोळे उगवले. माणसात त्याच जनुकाचा भाऊबंद बिघडला तर डोळ्यातला रंगीत पडदा नीट तयार होत नाही.

पंखांच्या बाटल्या वेगळ्या होत्या. एकीत वर वळलेल्या पंखांच्या माश्या, दुसरीत नुसती खुरटी टोकं. पंख घडायला सुरुवात होते अळीतच, पेशींच्या एका इवल्या चकतीत. दोन चिमट्यांनी अळी उघडून तिने ती चकती बाहेर काढली. माझा श्वास अडकला होता. तिचा हात हलला नाही.

माशीला पंखांची जोडी एकच. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन गुठळ्या असतात. तिथे पंख होऊ न देणाऱ्या जनुकावर एल. एस. शशिधर यांनी आधी हैदराबादला आणि मग याच संस्थेत वर्षानुवर्षं काम केलं.

'विंगलेस'ची गोष्ट सांगताना मात्र तिचा आवाज चढला. हा बिनपंखी प्रकार १९७३ साली आर. पी. शर्मा यांनी नोंदवला, तोही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून. १९८७ साली कळलं, की उंदरांच्या स्तनात गाठी निर्माण करणारं एक जनुक आणि हे एकच. आज आतड्याच्या कर्करोगाचा अभ्यास या जनुकाच्या संदेश-साखळीशिवाय होत नाही. शेतीच्या संस्थेत कुणीतरी एक पंख नसलेली माशी फेकून दिली नाही, म्हणून हे झालं.

बोलता बोलता तिने घड्याळ पाहिलं. "आठ तास होत आले," म्हणत ती पुढच्या रॅककडे गेली.

वणी, पांढरकवडा, झरी भागातल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. फळ्यावर माशीची आकृती काढून थांबू नका. केळं, बाटली आणि कापूस आपल्याकडे आहे. गॅस नसेल तर माश्या बर्फावरही निपचित पडतात. पांढऱ्या डोळ्यांच्या, खुरट्या पंखांच्या माश्या म्हैसूर विद्यापीठाच्या संग्रहात जोपासल्या जातात. मागवून पाहा. मुलांना एकदा तरी भिंगाखाली तो डोळा दाखवा.