समथरच्या गच्चीवरून नागपूर

झाशीच्या ईशान्येस, पहूज आणि बेतवा या दोन नद्यांच्या दरम्यानच्या सपाट मैदानात समथर हे गाव वसले आहे. एकेकाळी ते एका लहान संस्थानाच्या राजधानीचे ठिकाण होते. तेथून सरळ दक्षिणेकडे रेघ ओढीत गेल्यास सुमारे ५२० किलोमीटरांवर नागपूर लागते. झाशीच्या परिसरात मराठी कुटुंबे पेशवाईपासून राहत आली आहेत. अशा एखाद्या घरातील हौशी श्रोत्याला समथरात बसून नागपूरची मराठी नभोवाणी ऐकावयाची असेल, तर त्याने प्रथम एरियलकडे लक्ष पुरवावे.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. मध्यम लहरींवरील त्याची कंप्रता ५८५ किलोहर्ट्‌झ. जुन्या संचांच्या तबकडीवर याच एककास किलोसायकल म्हटलेले आढळते. रेडिओ लहरींचा वेग सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. त्यास कंप्रतेने भागले असता लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर येते. हिशेबाप्रमाणे तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे सुमारे १२८ मीटर उंचीची तार हवी. एवढा खांब कोणाच्या अंगणात उभा राहणार? १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यू फाउंडलंड येथे मार्कोनीने अटलांटिकपलीकडील संकेत ऐकण्यासाठी सुमारे १५० मीटर लांबीची तार चक्क पतंगाला बांधून आकाशात चढविली होती. त्याच्याजवळ क्षीण संकेताचे वर्धन करणारे साधन नव्हते, म्हणून त्याला तो खटाटोप करावा लागला.

आजचा संच अतिशय क्षीण संकेतही मोठा करून ऐकवितो. मात्र त्याबरोबर खरखरही तितकीच मोठी होते. म्हणून हल्लीच्या एरियलचे खरे काम केवळ अधिक लहरी गोळा करणे हे नसून संकेत आणि खरखर यांचे प्रमाण सुधारणे हे आहे. खरखरीचा मोठा भाग घरातच उत्पन्न होतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर ही तिची नेहमीची उगमस्थाने होत. घरातील एकेक उपकरण बंद करून संच ऐकत गेल्यास अपराधी बहुधा लवकर सापडतो. हा शोध तार विकत घेण्यापूर्वी करावा, हे उत्तम.

तार २० ते २५ मीटर लांब आणि ६ ते ८ मीटर उंच असली तरी पुरते. तिचे एक टोक घरापासून दूरच्या झाडाकडे न्यावे आणि दोन्ही टोकांना चिनी मातीचे रोधक घालावेत. झाड वाऱ्याने डोलते व ताणलेली तार तुटते. यासाठी त्या टोकाची दोरी कप्पीवरून घेऊन तिला वजन म्हणून एक वीट टांगावी. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा त्यांच्या जवळून एरियल कदापि नेऊ नये. सुटलेली तार त्यांवर पडली तर प्राणावर बेतते.

भूतारेसाठी दीड-दोन मीटर लांबीची तांब्याची कांब जमिनीत ठोकतात. बुंदेलखंडातील ‘मार’ नावाची काळी माती विदर्भातील काळीप्रमाणे पावसाळ्यात ओल धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा कांबेभोवती अधूनमधून पाणी ओतावे लागते. वळवाचे ढग दिसू लागताच एरियल संचापासून सोडवून घराबाहेर भूतारेस जोडावे. गडगडाट सुरू झाल्यावर तारेस हात लावण्याचे धाडस करू नये. या व्यवस्थेनेही थेट पडणाऱ्या विजेपासून संपूर्ण संरक्षण मिळत नाही.

एवढे करूनही भर दुपारी नागपूर ऐकू आले नाही, तर त्याचा दोष तारेस देता येणार नाही. दिवसा सूर्यकिरणांमुळे आयनांबराचा सर्वांत खालचा थर सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर तयार होतो व मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि त्याहून उंचावरील थरांतून लहरी परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. या लहरी निरनिराळ्या मार्गांनी येऊन एकमेकींत मिसळतात, म्हणून रात्री आवाज मधूनच उतरतो आणि पुन्हा चढतो.

ज्यास गच्ची नाही त्याने चौकटीचे एरियल करावे. ६० सेंटिमीटर बाजूच्या लाकडी चौकटीवर तारेचे ११-१२ वेढे घालून त्यांस ५०० पिकोफॅरडचा फिरता कंडेन्सर जोडला की ते पूर्ण झाले. त्यास संचाशी तारेने जोडावेही लागत नाही. मध्यम लहरींच्या लहान संचाजवळ ठेवून कंडेन्सर फिरविला की इष्ट जागी आवाज एकदम वाढतो. अशी चौकट आपल्या कडेच्या दिशेने येणाऱ्या लहरी उत्तम ग्रहण करते, तर समोरून पृष्ठभागावर येणाऱ्या लहरींना जवळजवळ दाद देत नाही. रात्री वरून परतणाऱ्या लहरींमुळे हा फरक थोडा अस्पष्ट होतो. समथर व नागपूर जवळजवळ एकाच रेखांशावर असल्याने येथे दिशा शोधण्यासाठी नकाशाचीही गरज पडत नाही. चौकटीची कड दक्षिणोत्तर धरावी. पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या शेजाऱ्याच्या घरातून येणारी खरखर मग आपोआप मंदावते.