भोंगा वाजला, पण निरोप पोहोचला का?

पुण्याच्या पेठांमधील जुन्या वाड्यांचे भक्कम दरवाजे तुम्ही पाहिले असतील. रात्री आतून अडसर घातला की झाले. शिवाय हाकेच्या अंतरावर बिऱ्हाडे होतीच. आज कोथरूड किंवा औंधच्या सदनिकेत आजी-आजोबा पुष्कळदा एकटेच असतात. म्हणून काही घरांत चोराची किंवा धुराची चाहूल लागताच भोंगा वाजविणारी आणि दूरध्वनीवरून देखरेख कक्षाला निरोप धाडणारी यंत्रणा बसवितात. घरातला दूरध्वनी इंटरनेटवर नेला, तर तिचे काय होईल?

प्रथम जुना दूरध्वनी पाहू. दूरध्वनी केंद्रापासून घरापर्यंत तांब्याच्या दोन तारा येतात. केंद्रातील विद्युतघटमाला त्यांना सुमारे ४८ व्होल्टचा दाब पुरविते. म्हणून घरची वीज गेली तरी साधा दूरध्वनी चालू राहतो.

इंटरनेट पुष्कळदा काचेच्या बारीक तंतूतून येते. त्यातून प्रकाश वाहतो, वीज नव्हे! घरातील राउटर घरच्याच विजेवर चालतो. पावसाळ्यात झाड कोसळून वीज गेली, की राउटर बंद. यंत्रणेच्या पेटीत सहसा स्वतःचा विद्युतघट असतो. त्यामुळे भोंगा वाजेल, पण निरोप उंबरठ्यापाशीच अडेल.

दुसरी अडचण भाषेची. अशा कित्येक यंत्रणा अंक स्वरांच्या रूपात पाठवितात. दूरध्वनीवरील ५ चे बटण दाबले, की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन स्वर एकदम निघतात. यंत्रणेचा असा एकेक स्वर सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागाइतकाच टिकतो. इंटरनेटवर मात्र आवाजाचे तुकडे करून छोट्या पुडक्यांतून पाठवितात. एका पुडक्यात बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा आवाज मावतो. बोलताना एखादे पुडके हरवले तर आपल्या कानाला पत्ताही लागत नाही. पण यंत्रणेचा स्वर तुटला, तर अंकच चुकतो. त्यातून आवाज दाबून लहान केला असेल, तर स्वर आणखी बिघडतात.

मग उपाय काय? राउटरला विद्युतघटाचा आधार द्यावा. थोडे गणित करा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या घटात १२ × ७ = ८४ वॅट-तास ऊर्जा असते. राउटरला १० वॅट लागत असतील, तर तो सुमारे ८ तास चालेल. प्रत्यक्षात काही ऊर्जा वाया जाते, म्हणून वेळ कमी धरावा. तरीही वाटेत तंतू तुटू शकतो. त्यासाठी मोबाइलच्या सिमकार्डाची दुसरी वाट ठेवलेली बरी.

याहून महत्त्वाचे तत्त्व यंत्रणेच्या दारातच सापडते. दार लावलेले असताना तेथील विद्युतमंडल पूर्ण असते. दार उघडले, की ते खंडित होते. चोराने तार कापली तरीही ते खंडितच होते, आणि भोंगा वाजतो! निरोपालाही हाच नियम लावता येतो. यंत्रणेने ठरावीक वेळाने ‘मी ठीक आहे’ असा संदेश पाठवावा. तो आला नाही, की कक्षाने चौकशी करावी. म्हणजे शांततासुद्धा बातमी ठरते.

तुमच्या किंवा शेजारच्या घरी अशी यंत्रणा असेल, तर मोठ्यांच्या परवानगीने आणि देखरेख कक्षाला आधी कळवून एक चाचणी घ्या. मुख्य वीज बंद करा, यंत्रणा सुरू करा आणि निरोप पोहोचतो का, ते कक्षालाच विचारा.