लोखंडी कांब आणि गोरखचिंचेचा पाला

वयाची सात वर्षे झाली तरी राजपुत्र अजून रांगतोच आहे. बोलतो कमी, खातो भरपूर आणि पायांत उभे राहण्याचे बळ नाही. पश्चिम आफ्रिकेतील मांदे प्रदेशात, म्हणजे आजच्या माली आणि गिनी या देशांच्या सीमाभागात, मुलांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली जाते. हा राजपुत्र म्हणजे तेराव्या शतकात माली साम्राज्याची स्थापना करणारा सुंदियाता केइता.

गोष्ट सांगणाऱ्यांना तेथे ‘जेली’ म्हणतात. फ्रेंचांनी त्यांना ‘ग्रिओ’ हे नाव दिले. आपल्याकडील भाट आणि शाहीर या दोघांचीही कामे एकाच घराण्याकडे असावीत, तसे त्यांचे स्थान. राजांच्या वंशावळी, लढाया आणि करार मुखोद्गत ठेवायचे व वाद्यांच्या साथीने सादर करायचे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. गिनीचे इतिहासकार जिब्रिल तामसिर निआन यांनी मामादू कुयाते या जेलीकडून ऐकलेली ही कथा १९६० मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केली आणि ती जगभर पोचली. पुढे १९९२ मध्ये अमेरिकी चित्रकार डेव्हिड विस्निएव्स्की यांनी कागद कातरून केलेल्या चित्रांसह ती बालवाचकांसाठी पुस्तकरूपात आणली.

कथेचा कळस राजदरबारात नव्हे, तर स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर घडतो. राजाच्या मृत्यूनंतर सुंदियाताची आई सोगोलोन हलाखीत दिवस काढते आहे. एके दिवशी कालवणासाठी तिला गोरखचिंचेचा पाला हवा असतो. (या झाडाचा पाला त्या भागात भाजीसारखा खाल्ला जातो. मुंबई-वसई परिसरातील जुन्या गोरखचिंचा आफ्रिकेतूनच आलेल्या झाडांच्या कुळातील.) ती सवतीकडे, सासुमाकडे, थोडा पाला मागायला जाते. सासुमा पाला देते, पण टोमणाही मारते. माझा मुलगा सात वर्षांचा असताना माझ्यासाठी पाला तोडून आणत असे. तुझ्या मुलाला सांग की आणायला!

अपमानाने पोळलेली आई घरी येऊन मुलावर राग काढते. तेव्हा सुंदियाता शांतपणे सांगतो, की लोहाराकडून माझ्यासाठी लोखंडाची जाड कांब घडवून आणा. कांब आणायला अनेक माणसे लागतात. मुलगा तिच्या आधारे उठू लागतो, त्याच्या भाराने कांब धनुष्यासारखी वाकते, आणि तो उभा राहतो. मग जाऊन गोरखचिंचेचे झाडच मुळासकट उपटून आईच्या दारात आणून टाकतो. काही जेलींच्या कथनात लोखंड टिकत नाही. सीताफळाच्या कुळातील झाडाची आईने कापून आणलेली साधी काठीच त्याला पेलते. या लेखकाला हे दुसरे रूप अधिक भावते.

लहान मुलांच्या पुस्तकांत हा प्रसंग बहुधा कांब वाकण्यापुरता उरतो. जेली मात्र त्याआधीचा टोमणा रंगवून सांगतो. मुलाचे न चालणे ही घरातली अडचण आहे. ते चारचौघांत आईला ऐकवले जाणे ही जखम आहे. घरात अपंग मूल असलेल्या कोणत्याही आईला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. सोगोलोन स्वतः कुबडी आहे, लोकांच्या लेखी कुरूप आहे. तिचे कुबड कथेत शेवटपर्यंत जात नाही. तिला कोणी बरे करत नाही, आणि तरीही साम्राज्याच्या संस्थापकाची आई होण्याचा मान तिलाच मिळतो.

तरीही प्रश्न राहतोच. जे मूल कधीच उभे राहणार नाही, त्याने ही गोष्ट ऐकून काय समजायचे? आपली जिद्द कमी पडली, असे? अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते अशा चमत्काराच्या कथांकडे साशंकतेने पाहतात, ते याच कारणाने.

म्हणूनच घानातील एक खरी गोष्ट सुंदियाताच्या शेजारी ठेवून वाचावी. इमॅन्युएल ओफोसू येबोआ १९७७ मध्ये जन्मला, तो उजव्या पायाच्या नडगीचे हाड नसतानाच. वडील सोडून गेले. आईने त्याला शाळेत घातले. खेळात कोणी घेईना, तेव्हा त्याने पैसे साठवून चेंडू विकत घेतला आणि खेळायचे तर मलाही घ्या, अशी अट घातली. पुढे राजधानी अक्रामध्ये त्याने बूटपॉलिश केले. २००१ मध्ये एकाच पायाने सायकल मारत दहा दिवसांत सुमारे ६०० किलोमीटर देश पालथा घातला. वाटेत तो लोकांना एवढेच सांगत होता, की अपंग माणूस भीक मागण्यासाठीच जन्मलेला नसतो. कृत्रिम पाय त्याला नंतर, अमेरिकेत मिळाला. सायकलवर निघाला तेव्हा तो नव्हता.

लॉरी अ‍ॅन थॉम्प्सन यांनी लिहिलेले आणि शॉन क्वॉल्स यांनी चित्रे काढलेले ‘इमॅन्युएल्स ड्रीम’ हे त्याच्यावरील बालपुस्तक २०१५ मध्ये निघाले. आफ्रिकेची गोष्ट पुन्हा अमेरिकेतच छापली गेली, ही खंत आहेच. पण या गोष्टीत पाय बरा होत नाही. बदलावे लागते ते आजूबाजूच्यांना.

ते बदलणे संथ असते. घानाच्या संसदेने अपंग व्यक्तींसाठीचा कायदा २००६ मध्ये संमत केला. सार्वजनिक इमारतींत अपंगांना सहज प्रवेश मिळेल अशा सोयी करण्यासाठी त्यात दहा वर्षांची मुदत होती. ती संपल्यानंतरही अनेक इमारतींच्या दारात नुसत्या पायऱ्याच आहेत, अशी तेथील अपंगांच्या संघटनांची तक्रार राहिली आहे.