टॉवर बंद पडल्यावर : हॅम रेडिओ आणि नवा दूरसंचार कायदा

चौथीला संदेशवहन शिकवताना एकानं विचारलं, "सर, पुरात टॉवरच बंद पडला तर?" २०१९ च्या महापुरात आपल्या जिल्ह्यातला पुणे-बेंगळुरू हायवेसुद्धा बंद होता, त्यामुळे प्रश्न पोरकट नाही.

वीज गेली की टॉवर बॅटरीवर, डिझेलवर तग धरतो. ते संपलं की रेंज गेली. हॅम म्हणजे हौशी रेडिओला टॉवर लागत नाही. एक संच, गाडीची बॅटरी आणि झाडाला बांधलेली तार एवढं पुरतं. लघुलहरी आयनांबरावरून परत फिरतात आणि शेकडो किलोमीटरवर ऐकू येतात. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. फोन बंद पडले, पण त्यांच्या संचावरून अंदमानची खबर बाहेर जात राहिली.

हा छंद परवान्याशिवाय करता येत नाही. परीक्षा द्यावी लागते, वय किमान १२. नियम १९७८ चे आहेत. एरवी दुसऱ्याचा निरोप पोचवायला बंदी. मात्र पूर, भूकंपात नेहमीची यंत्रणा कोलमडली तर मदतकार्याचे निरोप पाठवायची मुभा. लोकसेवा सगळी या एका सवलतीवर उभी आहे.

आता २०२३ चा दूरसंचार कायदा १८८५ च्या तार कायद्याची आणि १९३३ च्या बिनतारी कायद्याची जागा घेतोय. त्यात 'दूरसंचार'ची व्याख्या इतकी मोठी आहे की कंपनी आणि हौशी माणूस दोघंही तिच्यात येतात. रेडिओ संच नुसता जवळ बाळगायलाही परवानगी हवी. सूट द्यायचा अधिकार सरकारला आहे. जुने नियम नव्या कायद्याशी विसंगत नसतील तेवढे, नवे येईपर्यंत चालू राहतात.

मग नव्या नियमांत ती आपत्तीची सवलत राहील का? शुल्क आणि कागदपत्रं शाळकरी पोराला झेपतील का? मला वाटतं, हौशींसाठी वेगळं, सोपं प्रकरण हवं. (एका परवान्यासाठी दहा हेलपाटे घालायला लागले तर खेड्यातलं कोण करणार?) नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती-सूचना पाठवता येतात. शाळेलाही, पालकांनाही.

प्रश्न विचारणारा नऊ वर्षांचा आहे, परीक्षेला अजून तीन वर्षं. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही असं सांगितलं, तरी मधल्या सुट्टीत त्याची शिट्टीवर कट्ट-कडकट्ट चालूच आहे.