गाण्याचा साचा

पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या गणपतीच्या कारखान्यात कधी गेलात तर मूर्तीपेक्षा साचा नीट पहा. मूर्तिकार आधी एकच मूळ मूर्ती घडवतो. सारे कसब तिच्यात ओततो. तिच्यावरून साचा काढतात. मूर्तीला जिथे उंचवटा, तिथे साच्यात खळगा. या उलट्या आकारातून मग शेकडो सुलट्या मूर्ती निघतात आणि दूरदूरच्या घरांत पोचतात. गाणे घराघरांत पोचले तेही असेच, साच्यातून. ध्वनिमुद्रणाचा इतिहास बहुधा एडिसनपासून सांगतात. ते योग्यच आहे. पण आवाज पकडणे ही निम्मीच गोष्ट झाली. त्याच्या प्रती काढणे ही उरलेली निम्मी, आणि आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची.

एडिसनने १८७७ साली आपला फोनोग्राफ तयार केला. बोलताना हवेत उठणाऱ्या कंपनांमुळे एक पातळ पडदा थरथरे. पडद्याला जोडलेली सुई फिरत्या नळकांड्यावरच्या कथलाच्या वर्खात कमीजास्त खोल खाचा पाडी. पुन्हा त्या खाचांतून सुई फिरवली की पडदा तसाच थरथरे आणि आवाज येई. पण नळकांड्याच्या प्रती काढणे सुरुवातीला फार अवघड होते. अधिक नळकांडी हवी असतील तर गायकाला तेच गाणे पुन्हा पुन्हा गावे लागे!

एमिल बर्लिनरने १८८७ साली नळकांड्याऐवजी सपाट तबकडी घेतली. सपाट वस्तू साच्याने दाबता येते. पुढे रूढ झालेली पद्धत अशी: मेणाच्या तबकडीवर सुईने नागमोडी खाच कोरायची. मेणातून वीज वाहत नाही, म्हणून त्यावर ग्राफाइटची पूड चोळायची आणि विद्युतविलेपनाने तांब्याचा थर चढवायचा. थर सोडवला की खाचेच्या जागी उंचवटा असलेली धातूची उलटी तबकडी हाती येते. तिच्यावरून दाबायचे साचे बनवायचे आणि गरम, मऊ लगद्यावर ते दाबायचे. पेणच्या कारखान्याशी ताडून पहा, पायऱ्या त्याच आहेत.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव सांगत. यामागे व्यावहारिक कारण होते असे सांगतात. तबकड्या दाबण्याचा कारखाना जर्मनीत, हॅनोव्हरला होता. तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळायला हवे! तबकडीच्या लगद्यात मुख्य चिकट पदार्थ लाख. पळस, कुसुम, बोर यांसारख्या झाडांवरच्या किड्यांपासून ती मिळते आणि तिचा मोठा पुरवठा भारतातून होई. म्हणजे लाख आपली, गाणेही आपले, आणि तबकडी येई बोटीने परदेशातून. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना सुरू झाला तेव्हा हा द्राविडी प्राणायाम थांबला.

ही तबकडी किती वेळ वाजे? हे गणित वर्गात करून घेण्यासारखे आहे. दहा इंची तबकडीवर खाचांचा पट्टा सुमारे तीन इंच रुंद असतो. दर इंचात साधारण ९० फेरे धरले तर एकूण फेरे २७०. तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरते. २७० भागिले ७८, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आत गाणे संपले पाहिजे. तासभर रंगणारा ख्याल एवढ्यात कसा बसवायचा? काहींनी तो बसवला. काही त्या वाटेला गेलेच नाहीत. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते, म्हणजे ध्वनिमुद्रण भारतात येऊन चार दशके उलटली होती. तरीही त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येत नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, यांनी तबकड्या दिल्या. त्यांतली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. गुरूचा एक स्वर नाही आणि शिष्येचे गाणे सूर्यमालेबाहेर, असा हा योग आहे.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला. १९४८ साली बारीक खाचांची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी आली आणि एका बाजूला वीसहून अधिक मिनिटे मिळाली. तरी साचा कंपनीच्याच हाती होता. पेण-रोह्याच्या रसिकाला आता गाणे ऐकता येत होते, पण आपले गाणे मुद्रित करणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. आगरी लग्नात धवलारीण जे धवले म्हणते, ते विधी चालेल तसे लांबत जातात. ते कोणत्या तबकडीत मावणार?

कॅसेटने ही अडचण दूर केली. फिलिप्सने ती १९६३ साली आणली आणि आपल्याकडे ती १९८० च्या दशकात घरोघरी पोचली. इथे साचाच नाही. प्लास्टिकच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. आवाजाबरोबर बदलणारा विद्युतप्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि त्यानुसार कण चुंबकित होतात. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. अर्ध्या तासाच्या बाजूला किती फीत लागेल, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्या (उत्तर सुमारे ८६ मीटर). आता रोह्याच्या भजनी मंडळालाही आपले भजन मुद्रित करता येऊ लागले. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातला खरा लोकशाही टप्पा आम्हाला हाच वाटतो.

मात्र फितीवरून फीत काढली की दर वेळी खरखर वाढते. झिजलेल्या साच्यातल्या मूर्तीसारखे नाकडोळे पुसट होत जातात. अंकीय पद्धतीत हा दोष नाही. १९८२ साली आलेल्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजून आकड्यांत लिहिलेली असते. आकड्यांची नक्कल तंतोतंत होते, हजाराव्या वेळीही. आता खिशातल्या फोनमध्ये मुद्रणयंत्र आणि साचा दोन्ही आहेत.

राहिल्या त्या घरातल्या जुन्या कॅसेटी. कोकणच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते. लग्नातले धवले, पालखीच्या रात्रीचे भजन अशा कॅसेटींची बहुधा दुसरी प्रत नसते. विद्यार्थ्यांना त्या गोळा करायला सांगा. बुरशीचे पांढरे डाग दिसले तर कॅसेट वाजवू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. चांगली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. हेडफोनच्या खोबणीतून तार संगणकाला जोडा, आवाज फार मोठा ठेवू नका आणि मूळ प्रत दाबून लहान न करता साठवा. ध्वनिफितीबरोबर गाणारणीचे नाव, गाव, वर्ष आणि प्रसंग तिच्या घरच्यांना विचारून लिहून ठेवा. आवाजावरून हे पुढे कोणालाच ओळखता येणार नाही.